इंदूर ते इमॅजिका, सहकुटुंब आणि स्वतःच्या गाडीने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला गाडीने जायचं म्हटलं की इंदुरात टिळकनगरपासून सुदामानगरपर्यंत सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. बरोबर आजी-आजोबा आहेत आणि शाळकरी मुलंही आहेत असं धरून लिहिलं आहे, कारण आपल्याकडे सहल ठरली की सगळं घर निघतं.

एकूण अंतर किती? एका दिवसात पोहोचता येईल का?

सहाशे ते सव्वासहाशे किलोमीटर. कुठल्या रस्त्याने नाशिकच्या पुढे जाता, त्यावर थोडं कमी-जास्त. चहा, जेवण, टोल, घाट धरून बारा-तेरा तास लागतात, म्हणजे पहाटे निघालं तर संध्याकाळी उशिरा पोहोचता येतं. पण पोहोचू नका. गाडी चालवणारा एकच असेल तर शेवटचे दोन तास त्याचे डोळे रस्त्यावर असतात आणि लक्ष नसतं, आणि नेमके तेच दोन तास कोकणात उतरायच्या रस्त्याचे असतात. शिवाय दुसऱ्या दिवशी पार्कमध्ये दिवसभर पायांवर उभं राहायचं असतं. शिणलेली मुलं दुपारी तीनला रडायला लागतात आणि महागाची तिकिटं वाया जातात. जाताना एक मुक्काम हवाच. सगळ्या उत्तरांतलं हे एकच ऐकलंत तरी चालेल.

मुक्काम नाशिकलाच का? धुळं मध्यावर नाही का?

धुळं इंदूरहून सुमारे २६० किलोमीटर. पहाटे निघालेला माणूस अकरा-साडेअकराला तिथे असतो, मग दिवसभर करायचं काय? नाशिक सव्वाचारशेच्या आसपास आहे. दुपारी तीनपर्यंत खोली ताब्यात मिळते, मुलं पाय मोकळे करतात, आजी-आजोबांचं काळारामाचं दर्शन होतं आणि दुसऱ्या दिवसाला दोनशेच्याही आत किलोमीटर उरतात. हॉटेल शहराच्या मुंबईकडच्या बाजूला, पाथर्डी फाट्याच्या आसपास घ्या. सकाळी शहर ओलांडायची कटकट राहत नाही.

एक लक्षात ठेवा: २०२६-२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ कुंभमेळा आहे. पर्वण्यांच्या आगेमागे नाशिकला मुक्काम धरू नका. त्या दिवसांत धुळ्याला थांबून दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच नाशिक मागे टाकणं बरं.

रस्ता नीट समजावून सांगा.

आपला जुना आग्रा-मुंबई महामार्ग. राऊ सोडलं की मानपूर, मग विंध्याचा उतार, धामनोद आणि खलघाटचा नर्मदेचा पूल. पुलावर गाडी उभी करू नका. मैयाला हात जोडायचे असतील, नाणं टाकायचं असेल तर पूल ओलांडून सुरक्षित जागी थांबा आणि मुलांना दोन मिनिटं पाणी दाखवा. पुढे ठीकरी, जुलवानिया, सेंधवा. सेंधव्यानंतर सातपुड्याचा बिजासन घाट लागतो. तिथे बिजासन मातेचं देऊळ आहे आणि तीच मध्य प्रदेश-महाराष्ट्राची हद्द. मग पळासनेर, शिरपूर, तापीचा पूल, धुळे.

धुळ्यापुढे मालेगाव आणि चांदवड. चांदवडला अर्धा तास काढाच. इंदूरच्या माणसाने तिथून न थांबता जाणं मनाला पटत नाही. होळकरांचा रंगमहाल तिथे आहे आणि रेणुकामातेचं देऊळ महामार्गाला लागूनच आहे. राजवाड्यासमोरून रोज जाणाऱ्या आपल्या मुलांना अहिल्याबाईंचं नाव इतक्या लांबही भेटतं हे कळू द्या. चांदवडनंतर पिंपळगाव बसवंत आणि नाशिक.

गणपती घाटाची भीती वाटते. खरंच धोकादायक आहे का?

मानपूर आणि धामनोदच्या मधला हा उतार. भीती खोटी नाही. भरलेले ट्रक उतरताना ब्रेक निकामी होऊन पुढच्या गाड्यांवर आदळल्याच्या घटना इथे अनेक वर्षं घडत आल्या. आता उतरणाऱ्या वाहनांसाठी वेगळा, कमी उताराचा रस्ता काढला आहे, त्यामुळे परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. तरी घाट उतरायची रीत गाडी चालवणाऱ्याला माहीत हवी.

उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, उतारावर आल्यावर नव्हे. इंजिनच गाडीला धरून ठेवतं आणि ब्रेकवर पाय सतत ठेवावा लागत नाही. ब्रेक लावायचा तो थोडा दाबून सोडायचा. न सोडता दाबून धरला की तो तापतो, जळका वास येतो आणि मग पाय खोल जातो पण गाडी थांबत नाही. वास आला तर सुरक्षित जागा बघून थांबा, गार होऊ द्या, चाकावर पाणी ओतू नका. गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवण्याचा विचारही नको. आणि दोन ट्रकांच्या मध्ये कधी राहू नका: पुढच्यापासून लांब राहा, मागचा जवळ येत असेल तर त्याला वाट करून द्या. बिजासनलाही हेच.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर उतारासाठी खालचा गिअर कसा धरायचा ते घरीच पुस्तिकेत बघून ठेवा. बऱ्याच जणांना आपल्या गाडीत ती सोय आहे हेच माहीत नसतं.

रात्री निघालो तर मुलं झोपून जातील आणि सकाळी पोहोचू. हे बरं नाही का?

नाही. मुलं झोपतात आणि चालवणाराही पेंगतो. दोन्ही घाट अंधारात, ट्रकांच्या रांगेत उतरावे लागतात. पहाटे साडेपाचला निघा. मुलं धामनोदपर्यंत तशीही झोपलेलीच असतात.

नाशिकच्या पुढे कोणता रस्ता?

पूर्वी कसारा घाट उतरण्यावाचून इलाज नव्हता. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि चित्र बदललं. इगतपुरीला समृद्धीवर चढलं की सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून डोंगर पार होतो. घाटाची वळणं नाहीत, पावसाळ्यातलं धुकं नाही. ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी हा मोठाच दिलासा.

त्यानंतर दोन वाटा आहेत. आमण्यापर्यंत जाऊन भिवंडी, कल्याण-शीळ, पनवेलमार्गे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग गाठायचा, किंवा शहापूरकडे उतरून मुरबाड, कर्जत करत खोपोली. नकाशा पहिल्या वाटेचा वेळ कमी दाखवेल, पण भिवंडी-शीळफाट्याची वाहतूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो आकडा किती बदलतो हे माहीत आहे. माझं मत दुसऱ्या वाटेला. रस्ता दुपदरी आहे, गावं लागतात, वेग कमी मिळतो. पण गाडी चालती राहते, दोन्हीकडे सह्याद्री दिसतो आणि कर्जतला गरम वडे मिळतात. मात्र ही वाट दिवसाउजेडीच धरा.

फास्टॅगचा वार्षिक पास घ्यावा का?

१५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी कार, जीप आणि व्हॅनसाठी पास सुरू झाला, तेव्हा तो ३,००० रुपयांचा होता. एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. इंदूर-नाशिक जाऊन-येऊन टोलनाक्यांची रांगच आहे, त्यामुळे वर्षात उज्जैन, भोपाळ अशा आणखी फेऱ्या होत असतील तर पास फायद्याचा. पण तो फक्त राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. समृद्धी आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग राज्याच्या महामंडळाचे आहेत. तिथे नेहमीसारखे पैसे कापले जातात, तेव्हा पास असला तरी फास्टॅगमध्ये शिल्लक ठेवा.

कागदपत्रं कोणती? भाड्याची गाडी घेतली तर?

लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकरमधली चालतात. पीयूसीची तारीख निघण्याआधी बघाच. मागच्या सीटवरही पट्टा बंधनकारक आहे, दंड १,००० रुपये. पण दंडासाठी नव्हे, मागे बसलेल्या आपल्या माणसांसाठी पट्टा लावा. मांडीवर बसवलेलं मूल जोराच्या ब्रेकमध्ये हातात राहत नाही.

भाड्याची गाडी पिवळ्या पाटीचीच घ्या आणि महाराष्ट्राचा परमिट-कर कोण भरणार हे आधी स्पष्ट करून घ्या. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन नेली आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते. ड्रायव्हरदादांच्या नाशिक आणि खोपोलीतल्या झोपायच्या सोयीचंही आधीच ठरवा. आठ-नऊ तास चालवून माणूस गाडीतच झोपला तर दुसऱ्या दिवशी त्याच्याच हातात आपलं सगळं घर असतं.

बरोबर खायला काय घ्यावं?

दशम्या. यावर घरात वाद नको. कणीक पाण्याऐवजी दुधात भिजवायची, मीठ आणि चमचाभर मोहन घालायचं, पोळीपेक्षा जाडसर लाटायची आणि मंद आचेवर तूप किंवा तेल सोडून दोन्हीकडून खरपूस भाजायची. पूर्ण गार झाल्यावरच सुती फडक्यात बांधायची. गरम असताना डब्यात कोंडली की वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी आंबूस लागते. नीट केलेली दशमी थंडीत दोन दिवस सहज टिकते, उन्हाळ्यात मात्र पहिल्याच दिवशी संपवा. बरोबर शेंगदाण्याची कोरडी चटणी, लिंबाचं गोड लोणचं आणि आपली लसूण शेव. दही, ओला नारळ, बटाट्याची भाजी उन्हाळ्यात नेऊ नका.

पोहे-जिलबी खाऊन निघायचा मोह होतो, पण पहाटे पाक आणि तेल पोटात घेऊन घाटात बसणं लहानांना सोसत नाही. जिलबी परत आल्यावर.

दुपारचं जेवण धुळ्याच्या आसपास करा. खानदेशी शेवभाजी मागवा, पण मुलांसाठी कमी तिखट सांगा. ती आपल्या मालव्याच्या शेव-टमाट्यासारखी गोडसर नसते, काळ्या मसाल्याची असते.

मुलीला गाडी लागते. काय करावं?

रिकाम्या पोटीही नेऊ नका आणि भरल्या पोटीही. निघताना थोडं कोरडं काही द्या. मागच्या सीटवर मधे बसवा म्हणजे समोरचा रस्ता दिसेल, त्या जागी पूर्ण पट्टा असेल तरच. मोबाइल, पुस्तक घाटात बंद. खिडकी थोडी उघडी. औषध डॉक्टरांना विचारून, उतार लागण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी. वाटेत त्रास सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात राहतच नाही.

वाटेत बायकांसाठी स्वच्छतागृहं मिळतात का?

मिळतात, पण हव्या त्या वेळी नाही. म्हणून 'लागलं की सांगा' या भरवशावर राहू नका. बायका आणि म्हातारी माणसं संकोचाने सांगत नाहीत, पाणी पिणंच बंद करतात आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात. दर दोन तासांनी गाडी थांबणार हे निघतानाच जाहीर करा. धामनोद, जुलवानिया, शिरपूर, धुळे, चांदवड असे थांबे जमतात. मोठे पेट्रोल पंप आणि गर्दीची हॉटेलं त्यातल्या त्यात बरी. आधी घरातली एकजण जाऊन बघून येईल, मग बाकीच्या उतरतील. साबण, कागद, पाण्याची बाटली एका पिशवीत सीटवरच हवी, डिकीत नव्हे. आजींना भारतीय पद्धतीवर बसता येत नसेल तर कमोडची चौकशी ऑर्डर देण्याआधी करा.

कधी जावं?

नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी. दिवाळीच्या आठवड्यात जाऊ नका. त्या वेळी महाराष्ट्रातल्या शाळांनाही सुट्टी असते आणि मुंबई-पुण्याची सगळी गर्दी तिथेच असते. नाताळ ते नववर्षही तसंच. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाता येतं, पण खोपोलीचा उन्हाळा आपल्यासारखा कोरडा नाही. घामाने जीव नकोसा होतो. पावसाळ्यात तो परिसर फार देखणा असतो, पण मुसळधार पावसात उघड्यावरच्या राइड्स थांबवतात. शक्य असेल तर मुलांचे दोन दिवस शाळेचे बुडवा आणि मंगळवार-बुधवार साधा.

तिकिटं आधी काढावीत का? मुलांचं तिकीट वयावर असतं का?

आधीच काढा, इमॅजिकाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून. तारखेप्रमाणे दर बदलतात. थीम पार्क, वॉटर पार्क आणि स्नो पार्क यांची तिकिटं वेगवेगळी असतात. ज्येष्ठ नागरिकांना सवलत असते, त्यासाठी ओळखपत्र बरोबर हवं.

मुलांचं तिकीट वयावर नाही, उंचीवर ठरतं आणि मोठ्या राइड्सनाही उंचीची अट आहे. म्हणून तिकीट काढण्याआधी मुलांना बूट काढून भिंतीला टेकवून उभं करा, पेन्सिलने खूण करा आणि टेपने मोजा. मग संकेतस्थळावर प्रत्येक राइडची अट बघा आणि 'तुला हे मिळेल, हे पुढच्या वेळी' असं घरीच सांगून टाका. दारात तास-दीड तास रांग लावून मग उंची कमी भरली की ते मूल उरलेला दिवस कशानेही खूश होत नाही.

पार्कमध्ये दिवस कसा लावावा?

उघडायच्या आधी अर्धा तास दारात राहा. घरातल्या मोठ्या मुलांना सगळ्यात आधी 'नायट्रो'कडे धाडा. सुमारे ४० मीटर उंच, पाच वेळा उलटं फिरवणारा आणि पायाखाली फळी नसलेला हा रोलर कोस्टर, आणि सगळ्यांत लांब रांगांपैकी एक त्याची. सकाळीच उरकला तर उत्तम, तोही नाश्ता जिरल्यावर. मग 'डीप स्पेस', जो पूर्ण अंधारात धावतो. ऊन चढलं की छपराखालच्या गोष्टी करा: 'मिस्टर इंडिया', 'सलीमगढ', 'अलीबाबा और चालीस चोर'. यांतल्या 'अलीबाबा'त म्हातारी माणसं आणि लहानगे एकत्र रमतात.

'राजासॉरस रिव्हर ॲडव्हेंचर' दुपारी करा, कारण त्यात भिजायला होतं. या राइडबद्दल मुलांना आधीच एक गोष्ट सांगून ठेवा. राजासॉरस हा कल्पनेतला राक्षस नाही. खराखुरा मांसाहारी डायनासोर होता, गुजरातेत रहिओलीजवळ त्याची हाडं सापडली आणि २००३ मध्ये त्याचं नाव ठेवलं गेलं राजासॉरस नर्मदेन्सिस. नर्मदेवरून. म्हणजे खलघाटच्या पुलावर जी नदी ओलांडून आलो, तिच्याच नावाचा. आणि आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यात, बाग-कुक्षीच्या बाजूला, दुसऱ्या प्रकारच्या, झाडपाला खाणाऱ्या अवाढव्य डायनासोरांची घरटी मिळाली आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ९२ घरटी आणि २५६ अंड्यांची नोंद आहे. हे कळल्यावर मुलं त्या बोटीत वेगळ्याच उत्सुकतेने बसतात आणि परतताना बागला जायचा हट्ट धरतात. तो पुरवावा असा आहे.

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तान्ह्याचं खाणं आणि औषधं चालतात. पायात नवे बूट नकोत. एकाआड एक राइड करत सगळी ठिकाणं गाठायचा अट्टहास सोडा आणि संध्याकाळच्या मिरवणुकीसाठी थोडं बळ राखून ठेवा.

आजी-आजोबा दिवसभर तिथे काय करतील?

त्यांना दिवसभर बसवून ठेवणं मला पटत नाही. रक्तदाब, हृदयविकार, पाठीचा त्रास असेल तर वेगाच्या राइड्स नकोतच. पण 'आय फॉर इंडिया' मध्ये मोठ्या पडद्यासमोर बसून देशावरून उडाल्यासारखं वाटतं. चक्कर येत नसेल तर ते त्यांना आवडतं. व्हीलचेअर मिळते, संकोच न करता घ्या.

त्यांच्यासाठी खरा बेत वेगळा आहे. खोपोलीजवळ महडचा वरदविनायक आहे आणि ज्या खोपोली-पाली रस्त्यावर इमॅजिका आहे त्याच रस्त्याने पुढे गेलं की पालीचा बल्लाळेश्वर. अष्टविनायकातले दोन गणपती हाकेच्या अंतरावर. नाशिकहून आलात त्या संध्याकाळी महड करा आणि पार्कच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाली. इंदूरहून अष्टविनायक करायचा राहून गेलेल्या कितीतरी आजी आहेत. त्यांच्यासाठी ही सहल त्या दोन दर्शनांचीच असते.

त्याच दिवशी वॉटर पार्कही होईल का?

नाही. ज्यांना हवं त्यांनी दुसरा दिवस ठेवावा. नायलॉनचे पोहण्याचे कपडे लागतात, ते इंदूरहूनच न्या.

खर्चाचा अंदाज कसा धरावा?

जाऊन-येऊन आणि तिकडचं फिरणं धरून साडेतेराशे किलोमीटर धरा. गाडी लिटरला पंधरा देत असेल तर ९० लिटर पेट्रोल. त्यात टोल, जाताना आणि येताना एकेक आणि खोपोलीला दोन-तीन अशा रात्री, तिकिटं, आणि पार्कमधलं एक जेवण व दोन वेळचं चहापाणी. मोठा आकडा तिकिटांचा निघतो. त्यामुळे काटछाट करायची तर हॉटेलात करा. पार्कला लागूनच हॉटेल आहे, सोयीचं आहे, पण खोपोली-कर्जत भागात स्वस्त खोल्या मिळतात आणि आपल्याकडे गाडी असतेच.

मग रेल्वेने जाणं सोपं नाही का?

दोघं-तिघं असाल तर हो. अवंतिका एक्स्प्रेसने संध्याकाळी निघून सकाळी मुंबई, आणि मध्य रेल्वेची लोकल खोपोलीपर्यंत जाते. सहा माणसं, सामान आणि आजोबांचे गुडघे असतील तर गाडीच बरी.

वाटेत गाडी बंद पडली तर?

राष्ट्रीय महामार्गावर १०३३, तातडीच्या मदतीसाठी ११२. गाडी डाव्या कडेला घ्या, धोक्याचे दिवे लावा, त्रिकोण मागे बराच लांब ठेवा आणि सगळ्यांना उतरवून कठड्यापलीकडे उभं करा. गाडीत कोणीही बसून राहायचं नाही, पाऊस असला तरी. निघण्याआधी स्टेपनीची हवा तपासा. चारही चाकं सगळे बघतात आणि पाचवं नेमकं राहून जातं.

परतताना शिर्डी करावी का?

वेळ असेल तर रस्ता सोयीचा आहे. खोपोलीहून लोणावळा, चाकण, नारायणगाव, संगमनेर करत शिर्डी, तिथे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी मनमाड-मालेगाव-धुळे. शिर्डीहून इंदूर चारशेच्या आसपास. गुरुवार आणि शनिवार-रविवार टाळा. सोमवारी मुलांची शाळा असेल तर शिर्डी सोडा, पण नाशिकचा मुक्काम सोडू नका. येताना मानपूरची चढण आणि इंदूरची हद्द उजेडात यायला हवी, म्हणून नाशिक सकाळी सहाला सोडा.